वर जावई, खाली विद्यार्थी

एटोबिको,
जून २०१०

प्रिय मामा,

पास झालो! मामा, पास झालो! तिसऱ्या आणि शेवटच्या खेपेला, त्या इंग्रजी लेखनाच्या पेपरात तुमचा जावई पास झाला!

सकाळी टपालाच्या पेटीत लिफाफा होता. तिथंच रस्त्यावर उभा राहून दातांनी फोडला. शेजारचा इटालियन म्हातारा गवत कापत होता. त्यानं मशीन बंद करून विचारलं, "बॅड न्यूज?" मी त्याला मिठीच मारली! मग घरात येऊन सुनीताला हॉस्पिटलात फोन. तुमची लेक वॉर्डात अशी ओरडली की मागून कुणीतरी धावत आल्याचं मला इकडं ऐकू आलं. मग कराडला मामींना फोन लावला. तिकडं जेवणाची वेळ. बातमी सांगितली आणि आनंदाच्या भरात, सवयीनं बोलून गेलो, "मामी, जरा मामांना द्या ना फोन."

तुम्हाला जाऊन सहा आठवडे झालेत.

मामींनी डोळे पुसले असतील, मला दिसलं नाही. मी फोन ठेवला आणि घरभर फिरलो. बातमी ज्याला सांगायची त्यालाच सांगायची राहिली, मग कसली ती बातमी? म्हणून हे पत्र. मराठीत लिहितोय, तेव्हा ते लाल पेन जरा खाली ठेवा!

आधी एक कबुली देतो. तुम्ही आणि मामी ऑक्टोबरात इथं आलात तेव्हा मी म्हणालो होतो, फॅक्टरीत सध्या कामं कमी आहेत. थाप होती ती. गाड्यांचे पार्ट बनवणारी आमची अख्खी लाइन बंद पडली होती आणि मला लेऑफ मिळून पाच महिने झाले होते. सरकारी मदतीनं कॉलेजात हीटिंग-कूलिंगचा कोर्स मिळत होता. माझी जागाही धरून ठेवली होती. अट एकच, येत्या सप्टेंबरच्या आत बारावीच्या बरोबरीची परीक्षा पास व्हायची. गणित, विज्ञान, बाकी सगळं एका दणक्यात सुटलं. अडकला तो इंग्रजी लेखनाचा पेपर. वर्षात तीनदाच बसता येतं, आणि तुम्ही यायच्या आधी मी एकदा आपटलो होतो.

तुम्हाला कसं सांगणार? कराडात चार लेथचं वर्कशॉप स्वतःच्या हिमतीवर उभं केलेला माणूस मी. दहावीनंतर शाळा सुटली, पण कुठल्या मशीनचं बेअरिंग गेलंय हे गेटातून आत शिरतानाच आवाजावरून सांगायचो. सुनीताच्या नर्सिंगच्या जोरावर आम्हाला इथला व्हिसा मिळाला, हे चारचौघांत सांगायला मला कधी लाज वाटली नाही. पण चौतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेल्या सासऱ्यासमोर इंग्रजीत नापास? नको रे बाबा! मी सरावाचं पुस्तक बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसमागे लपवलं.

पण घरात तुमची नात आहे ना! अकरा वर्षांची फितूर. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "आजोबा, बाबा फेल्ड हिज इंग्लिश टेस्ट. ही हाइड्स द बुक इन द बेसमेंट."

सुनीता डाळीत काहीतरी शोधायला लागली. तुम्ही भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणालात, "ईशा, दोन्ही वाक्यं अगदी शुद्ध हो तुझी." आणि जेवायला लागलात. माझ्या लाजेवर पांघरूण घालायला तुम्हाला एवढंच लागलं!

दुसऱ्या दिवशी विषय काढलात, तोही किती आडवळणानं! "पाहुणे, माझा वेळ जात नाही हो इथं. तुमचं ते पुस्तक जरा चाळायला मिळेल का?"

मग सुरू झाला आपला पहिला वर्ग, वर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. पेपरात एक परिच्छेद असायचा, वाक्यांना नंबर घातलेले. एकेका वाक्याखाली पाच पर्याय, यातली कुठली दुरुस्ती कराल? मी भराभर सोडवायचो. माझी पद्धत सोपी होती. वाक्य मोठ्यानं म्हणायचं, कानाला गोड लागेल ते बरोबर. आणि तुम्ही तपासायचात पेन्सिलीनं. खूण एवढीशी, कागदावर मुंगी बसावी तशी.

"उत्तम! फक्त हे सातवं सवडीनं एकदा पुन्हा पाहिलंत तर..."

"चुकलंय का मामा?"

"छे छे! चूक कसली? पाहण्यासारखं आहे, एवढंच."

मी टेबलाशी आलो की तुम्ही खुर्चीतून उठायचात. मी बसल्यावर बसायचात. चहाचा पहिला कप मला. असा मास्तर कुणी बघितलाय का? मला वाटलं, आपण तर इंग्रजीचे वाघ झालो! डिसेंबरात छाती काढून परीक्षेला गेलो आणि पहिल्या खेपेपेक्षाही कमी मार्क घेऊन आलो.

त्या दिवशी निकालाचा कागद घेऊन मी बेसमेंटमध्ये बसलो होतो. आता तुम्हाला एक गुपित सांगतो. इथल्या घरांत फर्नेसच्या पत्र्याच्या नळ्या असतात ना, त्यांतून वरच्या स्वयंपाकघरातलं बोलणं खाली स्वच्छ ऐकू येतं. त्यात माझे कान हे असे.

मामी म्हणत होत्या, "एवढी वर्षं गावाची पोरं हाणून पास केलीत, आणि घरातला एक माणूस पास होईना?"

"अगं, त्यांच्या निम्म्या चुका मी दाखवल्याच नाहीत."

"आँ? का?"

"जावयाला 'चुकलात' म्हणून सांगू? मी? लग्नात पाय धुतलेत मी त्यांचे!"

"पाय धुतले म्हणून डोकं कोरडंच ठेवायचं होय?"

खरं सांगू? आधी संताप आला. दोन महिने गेले, दोन खेपा गेल्या, आणि हा माणूस मानपान सांभाळत बसलाय! मग माझीच मला ती थाप आठवली, "कामं जरा कमी आहेत" ही. तुम्ही माझ्या चुका लपवत होतात, मी तुमच्यापासून लेऑफ लपवत होतो. दोघंही एकमेकांचा मान राखत होतो, आणि तिकडं जागा हातची चालली होती. मला हसूच फुटलं. दोन-दोन पायऱ्या चढून वर आलो.

"मामा, मला शिव्या द्या."

तुमच्या हातातली बशी कलंडली. "काय म्हणालात पाहुणे?"

"कराडच्या पोरांना द्यायचात तशा. चुकलो की चुकलास म्हणा. आता एकच खेप उरलीय."

"ते या जन्मी जमायचं नाही हो."

"वर नाही जमणार. खाली जमेल. या टेबलावर मी जावई. बेसमेंटमध्ये मी मागच्या बाकावरचा दत्ता. कबूल?"

तुम्ही दिवसभर खिडकीतून बर्फ बघत बसलात. मामी मला खुणेनं म्हणाल्या, राहू द्या, पचू द्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता! मी दारापुढचा बर्फ फावड्यानं उपसून नुकताच खाली गेलो होतो. जिन्यावर बुटांचा आवाज आला. घरात बूट! वर बघतो तर तुम्ही. पँट, फुल शर्ट आत खोचलेला, मनगटाला घड्याळ, कानटोपी गायब. हातात ईशाचा फुटपाथवर चित्रं काढायचा जाड गुलाबी खडू. एक-एक पायरी उतरत आलात, माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, "उभा काय राहिलास? बस. वही काढ."

चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या मी, मामा, पटकन बसलो!

काय ते तीन महिने! बेसमेंटच्या उघड्या काँक्रीटच्या भिंतीवर तुम्ही गुलाबी खडूनं वाक्यं लिहायचात. "द बॉक्स ऑफ टूल्स आर ऑन द बेंच. काय चुकलंय?"

मी म्हणून बघितलं. "काही नाही. बरोबर वाटतंय."

"वाटतंय? गाढवा, 'टूल्स' शेजारी 'आर' ऐकून तुझा कान खूश झाला. बेंचवर काय आहे? पेटी! पेटी किती? एक! मधलं सगळं झाक हातानं. कर्ता धर, क्रियापद धर, मधला भुसा काढून टाक. लेथवर हेच करत होतास ना? चकाच्या जबड्यात लोखंडाचा तुकडा धरल्याशिवाय टूल लावत होतास?"

वीस वर्षं लेथ चालवला, पण लेथवरून मला कुणी व्याकरण शिकवेल असं स्वप्नातही आलं नव्हतं!

मग तुम्ही खरं दुखणं शोधून काढलंत. मला विचारलंत, "तू इंग्रजी शिकलास कुणाकडून?" मी अभिमानानं नावं घेतली. न्यूफाउंडलंडचा फोरमन, जमैकाचा फोर्कलिफ्टवाला, लुधियानाचा बलजीत. "चांगली माणसं," तुम्ही म्हणालात, "पण त्यांच्या बोलण्याचा पेपर नाही हा. तुझा कान त्यांच्या पंगतीत जेवून आलाय. आजपासून कान बंद!" आणि फॅक्टरीतले माझे आवाज अडवायचे मोठे लाल इयरमफ्स खिळ्यावरून काढून माझ्या डोक्यावर चढवलेत. आयुष्यभर ज्या कानांवर जगलो ते झाकून मी वाक्यांच्या दुरुस्त्या करायला लागलो. पहिल्या दिवशी आंधळ्यासारखं वाटलं. आठवड्यानं दिसायला लागलं.

आणि तो पाचवा पर्याय, "दुरुस्तीची गरज नाही". तो मी कधी निवडलाच नव्हता! वर्कशॉपात आलेली वस्तू मोडकीच असणार, ही माझी सवय. तुम्ही पुस्तक आपटलंत. "चांगल्या वाक्याला पाना कशाला लावतोस? सोड त्याला!" किती मार्क त्या खाजेपायी गेले असतील माझे!

सुनीता एकदा ड्यूटीवरून लवकर आली होती, आठवतं? तिनंही नळीतून ऐकलं असणार. धाडधाड खाली आली. "आप्पा! तुम्ही ह्यांना गाढव म्हणालात?"

तुम्ही खडू न ठेवता म्हणालात, "वर्ग चालू असताना पालकांनी आत यायचं नसतं. वर जा."

"पालक? मी बायको आहे त्यांची!"

"मग वर जाऊन चहा ठेव."

आणि बारा वाजता वर्ग सुटला की तुम्ही आधी वर जायचात. मी पाच मिनिटांनी. तोवर बूट निघालेले, कानटोपी चढलेली, तुम्ही खुर्चीतून उठून उभे. "या पाहुणे, या. दमलात. चहा घ्या." खाली माझा कान धरणारा माणूस वर कपाचा कान माझ्याकडे वळवून देतोय! मामी पदराआड हसायच्या. हे तुम्हाला जमायचं कसं? हसू कधीच यायचं नाही तुम्हाला?

मार्चअखेर व्हिसाचे सहा महिने भरले. एअरपोर्टवर मी पाया पडलो तेव्हा तुम्ही घाईनं मागे सरलात, जावयानं पाया पडायचं नसतं म्हणून. मग रविवारचे फोन सुरू झाले. आधी औपचारिक विचारपूस, "पाहुणे, थंडी कमी झाली का?" मग घसा खाकरून, "हं. दत्ता. प्रश्न अकरावा." फोनवरून शिव्या खाताना मी बेसमेंटमध्ये जाऊन बसायचो. नियम म्हणजे नियम.

असे चारच रविवार मिळाले.

छातीत दुखतंय हे तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतंत. मामींनाही नाही. त्या चौथ्या रविवारी तुम्ही मध्येच थांबलात, पाणी प्यालात, म्हणालात, "काही नाही, पुढचं वाच." मी वाचलं. एवढे माझे कान तिखट, मामा, पंख्याच्या आवाजावरून मोटार ओळखतो मी! मग तुमचा श्वास कसा ओळखला नाही? आणि तुम्ही तरी? माझ्या चुका झाकल्यात ते मी माफ केलं. हे दुखणं झाकलंत ते अजून माफ होत नाही.

बुधवारी फोन आला. परीक्षा त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी होती. ती चुकली तर कोर्सची जागा जाणार. सुनीता बॅग भरत होती. मी दोन तिकिटं बघत होतो, एक बघत होतो, परत दोन बघत होतो. एकुलता जावई मी. दहाव्याला, तेराव्याला मी नाही, तर लोक काय म्हणतील? शेवटी मामींनाच फोनवर विचारलं. त्या रडत होत्या. थांबून म्हणाल्या, "परीक्षेला बसा. रडायला इथं माणसं पुष्कळ आहेत."

मी आलो नाही, मामा. तुमच्या भावकीनं जे बोलायचं ते बोललीच असेल. तुम्हाला मी कळलो असेन असं मी धरून चाललोय. चुकत असेन तर सांगायला तुम्ही नाही, हा एवढाच त्रास.

परीक्षा एका शाळेच्या जिममध्ये होती, बास्केटबॉलच्या कड्याखाली. लाल इयरमफ्स आत नेऊ देईनात, म्हणून फोमचे बोळे कानात घातले. तेराव्या का चौदाव्या वाक्याला हात थांबला. लांबलचक वाक्य, तीन स्वल्पविराम, आणि सगळे पर्याय सारखेच साळसूद. माझी मान आपोआप उजवीकडे वळली, बेसमेंटात तुम्ही त्या बाजूला उभे असायचात. तिथं एक मुलगी पेन्सिल चावत होती. मी दोन क्षण डोळे मिटले. मग डाव्या हातानं मधलं झाकलं, कर्ता धरला, क्रियापद धरलं. दोन्ही एकमेकांना घट्ट बसत होते. पाचवा पर्याय काळा केला आणि पुढे निघालो. तिथून जी गाडी सुटली ती शेवटापर्यंत! बाहेर पडल्यावर परीक्षेवरच्या बाईंनी तीनदा काहीतरी विचारलं म्हणे. बोळे काढायचेच विसरलो होतो.

आणि आज तो लिफाफा. सप्टेंबरात मी कॉलेजात बसतोय, मामा! पोरं माझ्या ईशापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असतील. बसू देत. मला कुणाची लाज नाही आता.

इथवर लिहिलं आणि फोन वाजला. मामी. जेवणं आवरून त्यांनी स्वतःहून फोन केला, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाल्या, "मघाशी नीट बोलता आलं नाही. लई चांगलं झालं, पास झालात. आता एक विचारू? हसणार नाही ना?"

"बोला की मामी."

"मला शिकवाल का?"

"काय शिकवू?"

"इंग्रजी. बोलण्यापुरतं. तिकडं सहा महिने होते, दुकानात गेले की सुनीताच्या मागं मागं. एकदा काउंटरवरच्या बाईनं हसून माझ्याकडं बघत काहीतरी विचारलं. मी नुसती हसले. घरी येऊन यांना म्हटलं, काय म्हणाली असेल हो ती? तर हे म्हणाले, तुला काय करायचंय."

मामा! अख्ख्या गावाच्या पोरांना शिकवलंत. जावयाला शिकवायला बूट घालून बेसमेंटात उतरलात. आणि शेजारी बसलेल्या बाईला "तुला काय करायचंय"? चौतीस वर्षं त्या तुमच्या वह्यांचे गठ्ठे उचलत होत्या, त्यात काय लिहिलंय हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नसेल? हे मला पटलं नाही. तुम्ही समोर असतात तर खाली बेसमेंटमध्ये नेऊन हे बोललो असतो, आणि तुम्ही ऐकून घेतलं असतंत, याचीही खात्री आहे.

तर आता वचन देतो. मामींचा वर्ग सोमवारपासून, रोज अर्धा तास, फोनवर. त्यांना इथं बोलावायचं व्हिसाचं पत्र एजंटाकडून लिहून घेणार नाही, मी स्वतः इंग्रजीत लिहीन. पहिल्या बर्फाच्या आत त्या इथं असतील. कॉलेज सुटलं की आम्ही दोघं त्याच दुकानात जाऊ. मामी पुढे असतील, ट्रॉली घेऊन मी मागे. काउंटरवरची बाई जे विचारेल त्याला मामीच उत्तर देतील. वेळ लागला, मागे रांग लागली, शब्द अडला, तरी मी मध्ये तोंड घालणार नाही.

तुमचा,
दत्ता